गाठीचं दार

१

अमरावतीच्या एका नाट्यगृहात भरदुपारी रंगीत तालीम चालू असताना जानराव गावंडे मास्तर आपल्याच काळयंत्रात गुदमरून मेले, आणि त्या यंत्राचं दार कुठं आहे हे तिथं जमलेल्या एकाही माणसाला सांगता आलं नाही.

काळयंत्र अर्थातच नाटकातलं होतं. मास्तर हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि सुट्यांमध्ये नाटकं लिहायचे. या नाटकात पुढच्या शतकातला एक शास्त्रज्ञ (हे काम ते स्वतःच करत) आपल्या आजोबांच्या वऱ्हाडात येतो. यंत्र कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो त्याला रुईच्या, म्हणजे दाबलेल्या कापसाच्या, गाठीचं रूप देतो आणि सरकी काढणाऱ्या जिनाच्या आवारात ठेवून देतो. हंगामात अकोल्याला जा नाहीतर अमरावतीला, गाठींच्या थप्प्या लागलेल्या असतात. त्यात एक जास्तीची असली तर कोण मोजायला जातो? मास्तरांनी सागवानी फळ्यांचा, माणूस आत बसेल एवढा पेटारा करवून घेतला होता. त्यावर तरट, तरटावर लोखंडी पट्ट्या, काळ्या शाईतले मार्क. तरट कुठं फाटलं तर खरी रुई दिसावी म्हणून आतून कापूसही ठासला होता. शेजारी मांडलेल्या खऱ्या गाठींमधून ही खोटी गाठ ओळखून काढणं अवघड होतं.

यंत्र निघतं तेव्हा खालून धूर यावा म्हणून निखाऱ्यांच्या घमेल्यात राळ टाकायची होती. त्या दिवशी ठिणगी आत गेली आणि कापूस धुमसू लागला. आतून ठोके ऐकू आले, पण बघणाऱ्यांना वाटलं ते नाटकातलेच. तरटाच्या शिवणींमधून पिवळा धूर भसाभस यायला लागला तेव्हा सगळे धावले. मास्तरांचे थोरले भाऊ महादेवराव पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी मंचावर उडी घेतली, बायकांना बाहेर काढलं, कुठून तरी कुऱ्हाड पैदा केली आणि गाठीच्या मागच्या बाजूवर घाव घातले. अकोल्याच्या प्रयोगात दार त्या बाजूला होतं. ते उघडेना. शेवटी सागवान फोडून मास्तरांना ओढून काढलं तेव्हा त्यांच्या मिशांना कापूस चिकटला होता, आणि श्वास थांबला होता.

फौजदार देवमन तायडे आला तेव्हा महादेवराव त्या फुटक्या फळ्यांपाशी उभे होते. हात रक्ताळलेले, धोतर काजळलेलं.

"साहेब, हे पाहा," ते म्हणाले. "दाराले बाहेरून खिळे ठोकले हायेत. नवे खिळे. माह्या भावाले जित्ता ठोकला यानं."

त्यांचं बोट ओमप्रकाशकडे होतं. नेपथ्याचं दुकान चालवणारा ओमप्रकाश कोपऱ्यात बसला होता. गाठही त्यानंच बांधली होती आणि धूरही त्याचाच. आदल्याच दिवशी मास्तरांशी त्याचं सगळ्यांदेखत वाजलं होतं, जाहिरातीच्या फलकावर त्याचं नाव नव्हतं म्हणून.

देवमननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"खिळे मीच मारले, साहेब," ओमप्रकाश म्हणाला.

२

देवमन अकोल्याकडचा. चाळिशी ओलांडलेला, अंगानं सुकडा, बोलणं कमी. प्रश्न विचारला की तो गप्प बसायचा, आणि समोरच्याला ती शांतता सोसवेनाशी झाली की तो माणूस आपणहून बोलायचा. वरिष्ठांना हा कारभार कंटाळवाणा वाटे. पण कोठडीसमोर स्टूल टाकून तो बसला तेव्हा ओमप्रकाशला बोलायला फार वेळ लागला नाही.

"मास्तरनंच मारायले लावले. अकोल्याहून आलो आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, हे दार बंद करून टाक, त्याच्यावर नवं तरट लाव. मी म्हटलं, मास्तर, मंग तुमी आत कसे जासान? तर हसले. म्हणाले, थे मी पाहतो."

"मंग ते आत गेले कुठून?"

"वही तो मैं भी सोच रहा हूँ, साहेब. रात्रंदिवस तेच."

"तुमी कधी विचारलं नाई?"

"विचारलं ना. त्याच्यावरूनच तर भांडण झालं. लोकाइले वाटते नावासाठी झालं. गाठ बांधली मी, आणि तिचं दार मलाच माईत नाई? मास्तर म्हणाले, कोणालेच माईत नाई, घरच्याइलेबी नाई. एका बाजूच्या फळ्या त्यायनं सुटीत स्वतःच काढल्या आणि स्वतःच बसवल्या. मले मंचावर येऊ दिलं नाई."

ओमप्रकाश गजांना धरून उठला.

"साहेब, मी राळ जास्त टाकली असं म्हणा, कबूल करतो. हात जड पडला असंन माझा. पण मास्तरला मी ठोकला नाई. दार बंद असतं तर ते आत असतेच कसे?"

एक दार खिळे ठोकून बंद केलेलं, आणि तरी माणूस आत. म्हणजे दुसरं दार होतं. तालमीच्या वेळी हजर असलेल्या साऱ्यांचे जबाब देवमननं वाचले होते. एकूण एक माणसानं म्हटलं होतं की दुसरं दार आपल्याला माहीत नाही.

तो उठतच होता तेवढ्यात नाट्यगृहावर ठेवलेला शिपाई धापा टाकत आला.

"साहेब, महादेवराव बैलगाडी घेऊन आले. गाठ घेऊन जातो म्हणतात. जाळायची म्हणतात."

३

गाठ अर्धी गाडीत चढली होती. महादेवराव बाजूला उभे होते. भातकुलीकडचा मोठा शेतकरी, गावात शब्दाला मान असलेला माणूस. तीन-चार दिवसांत गालफडं बसली होती.

"उतरवा," देवमन म्हणाला.

"साहेब, अभद्र वस्तू हाये. पंचनामा झाला तुमचा. आता काय ठेवता तिले?"

"फिर्याद तुमचीच हाये, महादेवराव. फिर्यादीनंच पुरावा जाळला असं मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

महादेवराव बैलांकडे वळले. ते गाठीकडे सरळ पाहत नव्हते, हे देवमनच्या ध्यानात आलं. माणसं दुःखानं नजर वळवतात, तेही खरं. पण महादेवराव फुटक्या बाजूकडे पाहू शकत होते. तिच्या समोरच्या धड बाजूवर नजर गेली की ते मान फिरवत होते.

गाठ पुन्हा मंचावर आली. महादेवराव गेल्यावर देवमननं सारी दुपार तिच्याभोवती घालवली. तरटावरून हात फिरवला, फळ्या ठोकून पाहिल्या, पोकळ आवाज येतो का ऐकलं, बोटांनी शिवणी चाचपल्या. बिजागरी नाही, कडी नाही, फट नाही. आत वाकून पाहिलं तर जळक्या कापसाचा वास आणि उरलेल्या तीन सरळ भिंती. एका भिंतीला आतून नखांचे ओरखडे होते. ते पाहून तो बाहेर आला आणि थोडा वेळ मंचाच्या पायरीवर बसून राहिला.

ओरखडे फुटक्या दाराकडे नव्हते. ते धड बाजूच्या भिंतीवर होते. मास्तरांना दार कुठं आहे ते माहीत होतं, आणि आतून ते उघडता येत नव्हतं.

४

दुर्गाबाई, मास्तरांची बायको, मुलींच्या शाळेत शिकवत असत. घरात माणसं भरलेली होती. त्या देवमनला मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि खुर्ची ओढून दिली.

"दार मले माईत नाई," त्या आधीच म्हणाल्या. "सगळे तेच विचारून राह्यले. मले त्यायनं खरंच सांगितलं नव्हतं."

"दार बदललं काहून, थे सांगता का?"

"अकोल्याच्या प्रयोगात एक लहान पोट्टी आईच्या मांडीवर बसली होती. यांनी एवढा रंग लावला, एवढं तरट शिवलं, आणि यांची एन्ट्री व्हायच्या आधीच थे पोट्टी मोठ्यानं म्हणाली, आई, थ्या गाठीले बिजागरी हाये. सारं थेटर हसलं. घरी आले तर जेवले नाईत."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"तुमाले एवढीशी वाटते, साहेब. त्याइले नाई वाटली. ते म्हणत, नाटकातला शास्त्रज्ञ एवढा हुशार, काळाच्या पार जाऊन आला, आणि त्याले एक दार लपवता येत नाई? मंग लोकाइनं त्याच्या काळयंत्रावर भरवसा काहून ठेवायचा?" त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलकं आलं. "चार दिवस तेच डोक्यात. जेवता जेवता बोलायचे. म्हणायचे, आपण दार आधी करतो आणि मंग लपवत बसतो, हेच चुकते. जे वस्तूले मुळातच नसते, थे लावलं की डोळा तिथं अडकते. गाठीले बिजागरी नसते. गाठीले कडी नसते. मंग एक दिवस शेतातून आले, महादेवभाऊजींकडून, आणि एकदम खूश. म्हणाले, दुर्गे, सापडलं. दार लपवायची गरजच नाई. गाठीले जे असते, त्याचंच दार करायचं."

देवमननं टोपी हातात घेतली होती. ती तशीच राहिली.

"गाठीले काय असते, साहेब?" दुर्गाबाईंनी विचारलं. "मी लय विचार केला. मले काई सुचलं नाई."

"गाठीले पट्ट्या असतात, बाई," देवमन म्हणाला आणि उठला.

५

खऱ्या गाठीला तरी दुसरं काय धरून ठेवतं? दाबलेली रुई लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. प्रत्येक पट्टीची दोन टोकं एका आकड्यात अडकवलेली. आकडा सोडला की गाठ सुटते.

देवमन मंचावर परत आला आणि या वेळी त्यानं खोट्या गाठीआधी तिच्या शेजारच्या खऱ्या गाठी पाहिल्या. त्यांचे आकडे कसेही होते, एक वर, एक खाली, एक पार कडेला. मास्तरांच्या गाठीचे तिन्ही आकडे एका ओळीत होते. धड बाजूला, जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर.

त्यातला मधला आकडा उघडा होता.

सारी दुपार तो समोर होता, आणि तरटावरचा एक आकडा सुटला आहे यात त्याला काहीच वावगं दिसलं नव्हतं. त्यानं शिपायाला बोलावलं, आणि दोघांनी मिळून उरलेले दोन आकडे सोडले. ते घट्ट होते. पट्टीची धार बोटाला लागत होती. शेवटची पट्टी सैल झाली तशी ती सबंध बाजू तरटासकट त्यांच्या अंगावर कलली. तिला बिजागरी नव्हतीच. तिला फक्त पट्ट्यांनी धरलं होतं.

शिपाई पाहत राहिला. देवमन मात्र त्या उघड्या बाजूसमोर खाली बसला आणि विचार करू लागला.

हे दार फक्त बाहेरून बंद होतं आणि बाहेरूनच उघडतं. असल्या दारात माणूस एकटा शिरत नाही. पट्ट्या आवळायला बाहेर कुणीतरी होतं, आणि वेळ आली की सोडायलाही तेच कुणीतरी असणार होतं. कुणालाच माहीत नाही असं मास्तर गावभर सांगत होते, ते खोटं होतं. एकाला माहीत होतं.

मग तो माणूस धुराच्या वेळी कुठं होता? गप्प उभा राहिला असता तर तिन्ही आकडे बंद राहिले असते. मारायचंच असतं तर एक आकडा सोडायचं कारण नव्हतं. आणि वाचवायचं होतं, तर एक सोडून तो थांबला का?

महादेवराव कुऱ्हाड चालवत होते ते दुसऱ्या बाजूला. इकडे कुऱ्हाडीचा एकही घाव नव्हता. म्हणजे हा आकडा हातानं सुटला होता, आणि पुढचे दोन सोडायच्या आत तो हात तिथून निघून गेला होता.

किंवा कुणी काढून नेला होता.

६

शेषराव नाटकात जिनाच्या मुनीमाचं काम करायचा. पोस्टात नोकरी, बोलायला मोकळा. देवमननं त्याला मंचावरच बोलावलं. पडदा उघडतो तेव्हा कोण कुठं असतं ते दाखव म्हणाला.

"पडदा उघडायच्या आधी मास्तर आमाले सगळ्याइले बाहेर काढत," शेषराव म्हणाला. "मी इथून येतो. मुकादम थिकडून येते. मंचावर आधीपासून एकटी सुभद्रा असते. जिनातल्या कामकरणीचं काम हाये तिचं. थकून गाठीले टेकून बसलेली असते."

"कोणत्या बाजूले?"

शेषरावानं जागा दाखवली. ती आकड्यांसमोरची होती.

"हात कसे ठेवते?"

"मागे. असे." त्यानं बसून दाखवलं. "मास्तरनं तसंच बसवलं होतं. मी एकदा म्हटलंबी, मास्तर, थकलेली बाई हात मांडीवर ठेवते. तर माह्यावरच चिडले."

देवमननं मान हलवली. "धूर निघाला तवा सुभद्रा काय करत होती?"

"काय करन बिचारी. भेदरून गेली होती. जागची हाललीच नाई, गाठीलेच चिकटून बसली. महादेवरावाइनं तिले कमरेले धरून ओढलं, उचलून बाहेर नेलं, म्हणून वाचली. लय हिंमतीचा माणूस. थे तर त्याइच्या हातातून सुटायले पाहत होती. सारखी 'सोडा, सोडा' करून राह्यली होती. भ्यालेल्या माणसाले समजत नाई ना, कोण वाचवून राह्यलं तं. बाहेर नेल्यावर बेसुद्ध पडली. डोळे उघडले तवा मास्तरले काढून ठेवलं होतं."

"सोडा म्हणत होती?"

"हो. 'सोडा, सोडा.' खोकल्यानं आवाज फुटत नव्हता. पण तेवढं आमी सगळ्यांनी ऐकलं."

देवमन जाऊन सुभद्रेच्या जागी बसला, हात मागे घेऊन. शेषराव अस्वस्थ झाला.

"काई चुकलं का साहेब माझं?"

"नाई," देवमन म्हणाला. "सुभद्रा कुठं हाये आता?"

"कॉलेजच्या वसतिगृहात होती. थे सोडून गावाले गेली. बार्शीटाकळीले."

७

बडनेऱ्याहून गाडीनं अकोला, तिथून एसटीनं बार्शीटाकळी. सुभद्रा सिरसाटचं घर गावाच्या कडेला होतं, माती-कुडाचं, पण पुढच्या खोलीत पुस्तकांची फळी. वस्तीतून बी.ए.पर्यंत पोहोचलेली ती पहिली मुलगी. तिचे वडील डोमाजी देवमनचा जयभीम घेऊन बाजेवर बसले, आणि त्यानंतर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून असे बसून राहिले की जणू निकाल ऐकायला आले आहेत.

सुभद्रा दारापाशी उभी होती. उजव्या तळहातावर फडकं बांधलेलं.

"चुलीवर भाजलं," देवमननं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

"भाजलं तर फोड येते, बाई. पट्टीची धार लागली तर चिरते. मलेबी लागली." त्यानं आपलं बोट दाखवलं. "एक आकडा तुमी सोडला. मधला. बाकीचे दोन सोडायच्या आत तुमाले ओढून नेलं. मी खोटं बोलत असंन तर सांगा."

सुभद्रा भिंतीला टेकून खाली बसली.

डोमाजीच आधी बोलले. "मीच गप्प बसायले लावलं तिले, साहेब. दार ज्याले माईत, त्यानंच बंद केलं म्हणतील. पट्ट्या तिनंच आवळल्या होत्या ना. आमच्या पोरीचं कोण ऐकन? नाटकात काम करते म्हणूनच गावात काय काय बोलून राह्यले."

"एक माणूस कोठडीत हाये, डोमाजी."

"माईत हाये," सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता. "रोज वाटते, उठावं आणि जावं. गावंडे सरांनी मले वचन द्यायले लावलं होतं, कोणालेच सांगायचं नाई. थे वचन तर मी धूर पाहिल्याबरोबरच मोडलं. मी ओरडली. पट्टी सोडा, पट्टी सोडा. पण पट्टी शब्द निघतच नव्हता घशातून. मी माह्यासाठी नोती म्हणत, साहेब."

"कोणी ओढलं तुमाले?"

ती गप्प बसली. या वेळी देवमनची शांतता उपयोगी पडली नाही. तिनंही तेवढीच शांतता पाळली.

"धूर होता," शेवटी ती म्हणाली. "दिसलं नाई."

"दिसलं. तुमी सांगत नाई."

तिनं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "त्याइचा भाऊ मेला. प्रेतापाशी बसून ते कसे रडले थे मी पाहिलं. त्याइनं मले मरू द्यायले पाहिजे होतं का? नाई ना. मंग मी त्याइले काय सांगू?"

८

भातकुलीच्या वाटेवर महादेवरावांच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. काळ्या मातीवर पांढरं पसरलेलं, बायका ओट्या बांधून ओळीनं चाललेल्या. महादेवराव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते. देवमनला येताना पाहून ते पुढं आले नाहीत. बाभळीखाली जाऊन बसले आणि त्याची वाट पाहू लागले.

"गाठ उघडली," देवमन म्हणाला.

"हो?"

"पट्ट्या सोडल्या की एक बाजू निघून येते. तुमाले माईत होतं."

"आधी नोतं." महादेवराव कापसाच्या ओळींकडे पाहत होते. "देवाशपथ, आधी नोतं. जान्याले बाहेर ओढत होतो, तवा थ्या बाजूले गेलो. मधली पट्टी लोंबत होती. थेच जागा. जिथून मी पोरीले उचललं होतं."

"पोरगी काय म्हणत होती तवा?"

"सोडा म्हणत होती."

"काय सोडा?"

महादेवरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. दूर कुणीतरी बाई दुसरीला हाक मारत होती.

"मले वाटलं, मले सोडा म्हणते," ते म्हणाले. "मी म्हटलं, गप, काई होत नाई तुले. तिनं माह्या हाताले बोचकारलं. गाठीकडे बोट दाखवलं. मी पाहिलंच नाई तिकडे. मले वाटलं पोरगी हाये, भेली हाये, तिले काय समजते. मी तिले बाहेर नेलं आणि कुऱ्हाड घेऊन आलो. दार कुठं हाये थे मले माईत होतं ना."

"मंग ओमप्रकाश?"

"त्यानं खिळे ठोकले होते. कोणीतरी ठोकलंच होतं, साहेब. मी तेच धरून बसलो. थे सोडलं असतं तर मीच उरलो असतो."

देवमन त्यांच्याशेजारी बसला. कायद्याच्या पुस्तकात या गोष्टीला कलम नव्हतं. ठिणगी कुठूनही उडाली असेल, कापूस मास्तरांनीच ठासला होता, दारही मास्तरांनीच असं केलं होतं. आणि एका माणसानं एका मुलीला धुरातून वाचवलं होतं. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"थे तिन्ही आकडे तिनं सोडले असते, तर थो वाचला असता का?" महादेवरावांनी विचारलं.

"माहीत नाई. डॉक्टरबी सांगू शकत नाईत."

"हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, साहेब."

"माहीत नाई, म्हणून हो म्हटलं नाई."

महादेवराव उठले. वेचणाऱ्या बायकांना त्यांनी आजचं काम आटोपा म्हणून सांगितलं, अंगावरची धूळ झटकली आणि देवमनबरोबर अमरावतीला आले. फिर्याद मागे घेतली. आपला जबाब नव्यानं लिहून दिला, कुणी विचारलं नसतं तेही त्यात होतं. ओमप्रकाश कोठडीतून बाहेर आला तेव्हा ते दारातच उभे होते. काय बोलले ते देवमनला ऐकू आलं नाही. ओमप्रकाश बराच वेळ मान खाली घालून ऐकत होता. मग रिक्षा न करता चालतच दुकानाकडे गेला.

पुढच्या रविवारी महादेवराव बार्शीटाकळीला गेले. दुर्गाबाई म्हणाल्या, मीबी येते. देवमनला त्यांनी बोलावलं होतं, पण आत शिरल्यावर तो दारापाशीच थांबला.

डोमाजींनी बाज पुढं केली, तांब्या-पेला ठेवला. महादेवरावांनी पेला उचलला, पाणी प्यायले आणि खाली ठेवला. त्यांच्या जातीतल्या कुणी या घरात पाणी घेतल्याचं डोमाजींनी याआधी पाहिलं नव्हतं. ते पेल्याकडेच पाहत राहिले. दुर्गाबाई सुभद्रेजवळ जाऊन खालीच बसल्या आणि तिचा चिरलेला तळहात आपल्या मांडीवर घेतला.

"पोरी," महादेवराव म्हणाले, "थ्या दिवशी तू मले काहीतरी सांगत होती. थे आज सांग."

सुभद्रेनं वडिलांकडे पाहिलं, मग दुर्गाबाईंकडे.

"मी सुरुवातीपासून सांगते," ती म्हणाली.

तिनं सुरुवातीपासून सांगितलं. सरांनी तिलाच का निवडलं, तर ती घाबरत नाही म्हणून. पहिल्यांदा आकडे सोडायला तिला किती वेळ लागला आणि सर आतून कसे हसत होते. धूर आला तेव्हा आतून ठोका आला, तो ठरलेला नव्हता, म्हणून तिला कळलं. पहिला आकडा सुटला तेव्हा फळी थोडी हलली, आणि आतून सरांनी तिला हाक मारली. दुर्गाबाईंचा हात तिथं थांबला, पण त्यांनी तिचा तळहात सोडला नाही. सुभद्रेचा घसा बसत चालला होता. दोनदा ती थांबली, खोकली, आणि डोमाजी म्हणाले, राहू दे आता, बाई.

महादेवराव बाजेवरून उतरून खाली बसले, तिच्या समोर.

"सांग," ते म्हणाले. "मी ऐकून राह्यलो."